३५ लाखांत टोळीयुद्ध, तेही सांगलीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मी सांगलीचा. मिरज आणि कुपवाडमधल्या दोन ड्रग टोळ्यांची गोष्ट लिहिली आहे. पटकथा ११८ पानांची, हातात ३५ लाख, कलाकार सगळे नवे. १४ मारामाऱ्या, दोन पाठलाग आणि शेवटी आयर्विन पुलावर गोळीबार. एवढ्यात जमेल का? नसेल जमत तर काय कापू?

मी वाईचा. मेणवलीच्या घाटावर हिंदी युनिटं यायची तेव्हा दोर धरून बघ्यांना मागं सारायचं काम करायचो. तिथून प्रॉडक्शनमध्ये शिरलो आणि आता एकोणीस वर्षं लाइन प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळत, छोट्या बजेटची मराठी कामं करतोय. आमची वाई कितीतरी वर्षं पडद्यावर बिहार आणि उत्तर प्रदेश म्हणून खपली. त्यामुळे एका गावाला दुसऱ्या गावाचं सोंग दिलेलं मला लांबूनही ओळखू येतं. पटकथा मी वाचलेली नाही, पण तुम्ही दिलेल्या यादीत मला तेच दिसतंय. पाट्या सांगलीच्या आणि टोळी मुंबईची.

‘काय कापू’ हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवतो. या यादीतल्या १४ मारामाऱ्यांच्या सात केल्यात, तरी जे उरेल ते मोठ्या सिनेमाची स्वस्त नक्कलच असेल. प्रेक्षकाच्या खिशातल्या फोनवर त्याच पैशात खरा मोठा सिनेमा आहे, मग तो तुमचा कशाला बघेल? तुमच्याकडे दोन गोष्टी अशा आहेत ज्या मुंबईवाल्याकडे नाहीत: हे गाव आणि हा धंदा इथे कसा चालतो याची माहिती. त्यावर उभं राहिलात तर ३५ लाख ताणून वापरावे लागतील, पण सिनेमा पुरा होईल.

आधी हिशोब, म्हणजे मी उगाच घाबरवतोय असं वाटायला नको. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. ३५ लाखांत २२ दिवसांच्या वर शूट परवडणार नाही. ११८ पानं भागिले २२, म्हणजे दिवसाला साडेपाच पानांच्या आसपास. दोन माणसं खोलीत बसून बोलत असतील तर साडेपाच पानं होतात. मारामारीचं तसं नसतं. कागदावर ‘दोघांत तुंबळ हाणामारी होते’ ही एक ओळ असते आणि सेटवर ती अख्खा दिवस खाते. तालीम, फाइट मास्टर, त्याची पोरं, गाद्या, फाटलेल्या शर्टाची कंटिन्युइटी, आणि कुणाचा तरी मुरगळलेला पाय. दीड दिवस धरला तर १४ मारामाऱ्यांचे २१ दिवस झाले. उरलेल्या एका दिवसात बाकीचा सिनेमा करायचाय.

जेवणाचंही बघा. ३५ माणसांचं युनिट, २२ दिवस, चहा-नाश्त्यासकट माणशी ४०० रुपये म्हटलं तरी ३ लाख ८ हजार. आणि हे सगळं धरायच्या आधी ३५ पैकी १२ लाख वेगळ्या खात्यात टाकायचे: एडिटिंग, साउंड, पार्श्वसंगीत, कलर, सेन्सॉर. त्या खात्याचं चेकबुक दिग्दर्शकाकडे द्यायचं नाही. शूट संपलं आणि पैसेही संपले, मग हार्ड डिस्क दोन वर्षं कपाटात, असे किमान चार सिनेमे मी जवळून पाहिलेत. त्यातल्या एकात माझेही पैसे अडकलेत, अजून.

आता मुद्द्याचं. टोळी म्हणजे काय हो? वीस पोरं, काळे शर्ट आणि स्लो मोशन असं नाही. टोळी म्हणजे धंदा. माल येतो कुठून, ठेवतात कुठे, तोलतं कोण, नेतं कोण, पैसे कुणाच्या खात्यावर जातात आणि पोरगं पकडलं गेलं तर त्याच्या घरी पैसे पोचवतं कोण. हे दाखवायला गर्दी लागत नाही, गोळ्या लागत नाहीत, आणि नेमकं हेच मराठी पडद्यावर नीट आलेलं नाही.

तुमच्या जिल्ह्याला हे शोधायला लांब जायची गरजही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून शंभर किलोच्या वर एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही रासायनिक नशेची पावडर, पकडली. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखाना उघड केला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत तेच. शेडच्या शेजारी द्राक्षबाग, समोरून दुधाची गाडी जातेय आणि आत हे. शहरी टोळी म्हणून तुम्ही जी झगमगाटी रात्र लिहिली असेल, तिच्यापेक्षा हे चित्र कितीतरी भीतीदायक आहे आणि त्याला लाइटही कमी लागतो. एक सांगतो: माल बनवतात कसा हे अजिबात दाखवू नका. सेन्सॉर अडवेल हे झालंच, पण तेवढ्यासाठी नाही. आपल्या सिनेमातून कुणी रेसिपी लिहून घेऊ नये एवढं भान असावं. बंद शटर, एक्झॉस्ट फॅन, वासाने नाकाला रुमाल लावलेला वॉचमन. पुरे.

आणि कायदा वाचा. खरंच वाचा, कारण तुमचं सगळं नाट्य तिथे फुकट पडलंय. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात शिक्षा वजनावर ठरते. एमडी २ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत. ५० ग्रॅमच्या वर गेली की व्यावसायिक प्रमाण, कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि जामीन मिळणं महाकठीण. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो.

आता यावर एक प्रसंग रचून बघा. मिरजेच्या टोळीचा पोरगा स्कूटरच्या डिकीत ४६ ग्रॅम घेऊन निघालाय. मुद्दाम ४६, कारण त्याच्या मालकाला आकडे पाठ आहेत. वाटेत तो चहाला थांबतो. समोरच्या टोळीतलं कुणीतरी डिकीत ६ ग्रॅमची एक पुडी सरकवतं आणि पोलिसांना फोन करतं. बास. ५२ ग्रॅम. पोरगा आत गेला तो दहा वर्षांसाठी. एकही थप्पड न मारता तुमचं टोळीयुद्ध सुरू झालं. याला खर्च किती? एक स्कूटर, एक चहाची टपरी, एक सोनाराचा काटा. काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंतचे ते चार सेकंद क्लोजअपमध्ये धरा, थिएटरात कुणी श्वास घेणार नाही.

याच्यापुढचा पेच आणखी वाईट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की वजन धरताना शुद्ध माल वेगळा काढायचा नाही, भेसळीसकट सगळं मिश्रण तोलायचं. म्हणजे जो मालक पैसे वाढवायला मालात पावडर मिसळतो, तो आपल्याच पोराची शिक्षा वाढवत असतो. पोराला हे माहीत नाही, मालकाला माहीत आहे. दोघांचं नातं काका-पुतण्याचं ठेवा आणि मग बघा. मला हे पहिल्यांदा एका वकिलाने सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला होता.

अंगझडतीचंही तसंच. ५० व्या कलमानुसार अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी अशी मागणी करायचा हक्क असतो, तसं त्या माणसाला सांगावं लागतं, आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. तुमचा फौजदार खिशात हात घालून पुडी काढून कॅमेऱ्याकडे बघत असेल, तर सांगलीच्या कोर्टातले निम्मे प्रेक्षक हसतील. उलट घाईत हे राहून गेलं आणि त्यावरून केस हलली, असा फौजदार लिहिलात तर तो माणूस वाटेल.

जागांबद्दल. आयर्विन पूल १९२९ चा, सांगलीकरांचा लाडका, आणि तुम्हाला तो रात्रभर बंद करून मिळणार नाही. समजा मिळाला, तरी एवढी लांबी उजळायला जितके लाइट आणि जनरेटर लागतील तितक्यात तुमचे चार दिवस निघतील. पुलाखाली या. घाटाच्या बाजूने वर बघा, पाणी मोजायचे फुटांचे आकडे दिसतात. सांगलीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं की ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. शेवटची भेट तिथे ठेवा, दोन माणसं, वरून गाड्यांचा नुसता आवाज. कोण कुठल्या आकड्यापाशी उभा आहे हे तुमच्या प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही.

दुसरी जागा हरिपूरची पेवं. हळद साठवायला जमिनीत खोदलेली, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी बरीच निकामी झाली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबतात. पडीक पेवात माल लपवलाय आणि काढायला घाईघाईत पोरगं उतरतंय... मी पुढचं लिहीत नाही, सिनेमा तुमचा आहे. पण नटाला खऱ्या पेवात कदापि उतरवू नका. तोंड खरं घ्या, आतला भाग प्लायवूड आणि मातीने शेडमध्ये करा. आर्टवाला कुरकुरेल, करू द्या.

पाठलागाचंही असंच गावावर सोडा. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, बाजूला शेताचा उतार. मोटरसायकलवरची दोन पोरं एकमेकांच्या मागे सुसाट येतात आणि दोघंही ट्रॉलीमागे अडकतात. ओव्हरटेक होत नाही. मारणारा आणि मरणारा हाताच्या अंतरावर, पंधराच्या स्पीडने, पाच मिनिटं. सांगलीचा पाठलाग असा असतो. दोन पैकी एकच ठेवा, तो हा. आणि दिवसाउजेडी, आपणच भाड्याने घेतलेल्या ट्रॅक्टरमागे, शेताच्या खाजगी रस्त्यावर शूट करा. चालू वाहतुकीत नटाला गाडी चालवत अभिनय करायला लावणारा दिग्दर्शक मला चालत नाही, मी तिथल्या तिथे पॅकअप सांगतो.

मिरज जंक्शन मात्र विसरा. रेल्वेची परवानगी वेगळी, फी वेगळी आणि वेळ आपल्या हातात नाही. कुंपणाबाहेरून रुळांचा आवाज घ्या.

आता नकली घोडे, म्हणजे पिस्तुलं. मागे मिरजेत रात्रीचं शूट होतं. पोलीस ठाण्याला अर्ज दिला होता, पण अर्जात ‘कौटुंबिक चित्रपट’ असं मोघम लिहिलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं. ब्रेकमध्ये आमचा एक पोरगा मेकअपसकट, कमरेला रबरी पिस्तूल तशीच ठेवून कोपऱ्यावर चहाला गेला. टपरीवाल्याने कमरेकडे बघितलं, काही बोलला नाही, चहाही दिला. आणि मागे जाऊन ११२ ला फोन केला. गाडी आली, पोरगं घाबरून पळालं, पळालं म्हणून पकडलं. चार तास गेले आणि रात्र गेली. त्या टपरीवाल्याने जे केलं ते बरोबरच केलं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: शस्त्रं लोखंडी पेटीत, किल्ली एका माणसाकडे, शॉट संपला की मोजून परत. अर्जात शस्त्रांची संख्या आणि प्रकार लिहायचा, आजूबाजूच्या दुकानदारांना संध्याकाळी जाऊन सांगायचं. खरं हत्यार कुणी ‘माझ्या लायसनचं आहे, वापरा’ म्हणून देऊ केलं तर त्या माणसाला सेटवरच येऊ देऊ नका. असा माणूस प्रत्येक गावात एक असतो.

नोटांचं तेच. हुबेहूब नोटा छापणं हा गुन्हा आहे, सिनेमासाठी छापल्या म्हणून सुटका नाही. बंडलाच्या वर-खाली खरी नोट, मध्ये कोरा कागद. पॅकअपला आपली नोट मोजून घ्या.

पावडर सांगतो, कारण हा घोळ सगळेच घालतात. आम्ही पहिल्यांदा ग्लुकोज वापरलं. दिसायला झकास. अर्ध्या तासात टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर आली आणि टोळीच्या म्होरक्याच्या गंभीर संवादात फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून शांतपणे चालत गेली. एडिटला कळलं. मग मैदा घेतला, तर तो काळ्या कपड्यांवर उडाला आणि नदीकाठच्या दमटपणात त्याचे गोळे झाले. आता पाकिटात दाखवायला बारीक मीठ आणि तुरटीची जाडसर पूड घेतो, पाकीट सीलबंद. नाकाने ओढायचा शॉट मी घेऊच देत नाही. डोकं फ्रेमच्या खाली जातं, वर येतं, डोळे बदललेले असतात. नट बरा असेल तर एवढं पुरतं आणि कुणाच्या नाकात काही जात नाही.

नटांवरून आठवलं. नवे कलाकार म्हणजे कमी पैशाचे म्हणून घेतलेत की तुमच्याच गावचे म्हणून? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं त्या गावात नट शोधायला पुण्याला जाऊ नका. हौशी राज्य नाट्य स्पर्धेला सांगलीत बसून बघा, पन्नाशीतला एखादा बँकेतला कॅशियर तुम्हाला असा म्होरक्या देईल की बघत राहाल. त्याला फक्त आवाज खाली आणायला शिकवा, नाटकवाले शेवटच्या रांगेसाठी बोलतात. आणि भाषा त्यांचीच ठेवा. कुपवाडचं पोरगं ‘अपुन’ म्हणत नाही, ‘भावा’ म्हणतं, चिडलं की ‘लगा’ म्हणतं, आणि धमकी द्यायची असेल तर आधी घरच्यांची चौकशी करतं. ‘आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?’ यापेक्षा जास्त दहशत कुठल्या संवादात आहे? मारामारीसाठी तालमीतले पैलवान घेणार असाल तर जपून. अंगाने भारी दिसतात, पण ठोसा अर्ध्यावर थांबवणं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

किती मारामाऱ्या ठेवायच्या ते तुमच्या गोष्टीवर आहे, बाहेरून आकडा सांगणं खोटं ठरेल. माझ्या हातात असतं तर तीन. पहिली पूर्ण दिसणारी, गबाळी, दोघांनाही न जमणारी. दुसरी फक्त ऐकू येणारी. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीचे, कमानींचे खरे शॉट गच्चीवरून लांबच्या लेन्सने घ्या, आणि बोळातला भाग नंतर वीस माणसांत करा. डॉल्बीच्या दणक्यात गोळी ऐकूच येत नाही, माणूस पडतो आणि शेजारचे नाचत राहतात. तिसरी झाल्यानंतरची: बाई पहाटे अंगण धुतेय आणि पाणी लाल होतंय. बाकीच्या अकरांचा परिणाम तेवढा दाखवा. हातातलं प्लास्टर, फुटलेलं शटर, एक रिकामी खुर्ची.

याचा विक्रीशीही संबंध आहे. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं तर टीव्हीचा दरवाजा बंद, आणि छोट्या मराठी सिनेमाचा बराचसा जीव टीव्हीच्या हक्कांत असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घेता येतं, पण म्हणजे पुन्हा कात्री आणि पुन्हा खर्च. त्याच दुरुस्तीने यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या प्रमाणपत्राचे, वयाप्रमाणे ७, १३ आणि १६ असे टप्पे केलेत. लिहितानाच यूए १६ डोळ्यांसमोर ठेवा. नशेचं उदात्तीकरण नको, हे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. तंबाखूही सांभाळा. व्हिलनच्या तोंडात सिगारेट असो की मावा, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर इशाऱ्याच्या फिती जोडाव्या लागतात आणि तो शॉट चालू असेपर्यंत पडद्यावर ओळ राहते. ऐन खुनशी क्षणी प्रेक्षक तळाची सूचना वाचतोय, हे मी थिएटरात बसून अनुभवलंय. म्होरक्याला बेदाणे खायला द्या. तासगाव जवळच आहे.

शीर्षक नोंदणी, करारपत्रं, विमा यावर लिहीत बसत नाही, ते कुठलाही प्रॉडक्शनवाला करून देईल. विमा टाळू नका एवढंच.

आता तुम्ही एक करा. पटकथेचं ब्रेकडाउन काढा: प्रत्येक दृश्य, जागा, दिवस की रात्र, माणसं किती, आणि तुमच्या अंदाजाने किती तास. रात्रीची दृश्यं वेगळ्या रंगात. मला वाटतं निम्मी रात्रीची निघतील, आणि त्यातली निम्मी दुपारी दोनला, कुपवाडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घाम पुसत जास्त चांगली होतील. तो तक्ता इथे टाका, मग जागा धरून दिवस कसे लावायचे ते बघू.